आखाजीची बोली

पंचांगातलं वर्ष पाडव्याला बदलत असेल. खानदेशातल्या शेताचं वर्ष बदलतं आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला. लेकी माहेरी येतात, झोके बांधले जातात आणि त्याच दिवशी सालदाराचं, म्हणजे वर्षाच्या बोलीवर राबणाऱ्या शेतगड्याचं, जुनं साल सुटून नवं ठरतं. रोख किती, ज्वारी किती, कपडे आणि जोडे कोणाचे, यावर ओट्यावर घासाघीस चालते. जमलं, की उचल हातात पडते.

कागद बहुधा नसतोच. तरी हा करार असतो. 1 सप्टेंबर 1872 पासून लागू झालेला भारतीय करार कायदा तोंडी बोलीलाही मानतो. मालक देऊ करतो तो प्रस्ताव, सालदार 'जमलं' म्हणतो ती स्वीकृती, आणि राबण्याच्या बदल्यात मिळणारी ज्वारी म्हणजे वकिलांचं 'प्रतिफल'. दोघे सज्ञान हवेत, हेतू कायदेशीर हवा आणि संमती खुशीची हवी.

घोडं अडतं ते खुशीपाशी.

जमिनीच्या सौद्यातला विसार आणि सालदाराची उचल दिसायला सारखीच, दोन्ही आगाऊ पैसेच. पण विसार सौदा पक्का करतो. उचल माणसाला बांधते. साल संपलं तरी ती फिटली नाही, की पुढचं सालही त्याच दारात. कायद्याचा कलही कधीकाळी मालकाकडेच होता. करार मोडला तर एरवी नुकसानभरपाईचा दिवाणी दावा. पण 1859 च्या कायद्याने उचल घेऊन काम टाकणाऱ्या कारागीर-मजुराला तीन महिन्यांपर्यंत कैदेची सोय करून ठेवली होती. पैसे बुडवणाऱ्या व्यापाऱ्याला मात्र असा खास कायदा नव्हता! 1859 चा तो कायदा रद्द व्हायला 1925 उजाडलं.

सत्तरच्या दशकात धुळे जिल्ह्यात असलेल्या शहाद्यात आदिवासी सालदारांची अवस्था तो कायदा गेल्यावरही फार बदलली नाही. करार कायद्याच्या कलम 16 मध्ये दुसऱ्याच्या इच्छेवर दाब टाकून केलेल्या कराराला उतारा आहे, पण कर्जात बुडालेला सालदार कोर्टाची पायरी कशी चढणार? उत्तर कोर्टाबाहेर निघालं. अंबरसिंग सुरतवंती यांच्या नेतृत्वाखाली आदिवासी उभे राहिले, 30 जानेवारी 1972 ला शहाद्यात भू-मुक्ती मेळावा भरला आणि त्याच वर्षी श्रमिक संघटना उभी राहिली. जमिनीइतकाच सालदारांच्या मजुरीचा प्रश्न तिने लावून धरला. वेठबिगारी देशभर बेकायदा ठरली ती 1976 च्या कायद्याने.

आता आखाजीच्या आधीच अनेक मालक सालदार शोधत फिरतात. ओट्यावर पहिला आकडा कोणी बोलायचा, याची पाळीच उलटली आहे.