यवतमाळात तारामासा

यवतमाळहून कोणत्याही दिशेने निघा, समुद्र पाचशे किलोमीटरपेक्षा दूरच आहे. तरीही वणीकडच्या एका शाळेत आम्ही व्याख्यानाला गेलो असता नववीतल्या एका मुलाने विचारले, "पाण्यात मीठ घालून तारामासा घरी पाळता येईल का?" मुले हसली. पण हाच प्रश्न पावणेदोनशे वर्षांपूर्वी लंडनमधल्या भल्याभल्यांना पडला होता.

१८४६ मध्ये ॲना थिन या बाईंनी टॉर्कीच्या किनाऱ्यावरून जिवंत प्रवाळ लंडनला आणले. समुद्राचे ताजे पाणी रोज कुठून मिळणार? तेव्हा उघड्या खिडकीशी बसून तेच पाणी एका भांड्यातून दुसऱ्यात ओतत राहायचे, म्हणजे त्यात हवा मिसळते. हे रोज अर्धा-पाऊण तास चाले आणि ते काम मोलकरणीच्या वाट्याला येई! पुढे बाईंनी पाण्यात समुद्री शेवाळ ठेवले. १८५० मध्ये रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनशास्त्रज्ञाने वनस्पती, मासे आणि गोगलगाई यांचा मेळ बसला तर टाकीतले पाणी फारसे बदलावे लागत नाही, हे प्रयोगाने मांडले.

त्या मुलाच्या प्रश्नाला खरे भिडले ते फिलिप हेन्री गॉस. त्यांनी १८५४ च्या सुमारास साधे मीठ, मॅग्नेशियम सल्फेट, मॅग्नेशियम क्लोराइड आणि पोटॅशियम क्लोराइड अशा चार क्षारांपासून समुद्राचे पाणी तयार केले. चुना मात्र वगळला. तळाशी टाकलेल्या शिंपल्यांतून आणि प्रवाळांच्या तुकड्यांतून तो मिळेल असा त्यांचा होरा होता. म्हणजे नुसते मीठ पुरेसे नाही, हे तेव्हाच स्पष्ट झाले होते.

तारामाशाला हे इतके का लागते? तो कंटकचर्मी प्राणी. या संघातला एकही प्राणी गोड्या पाण्यात राहत नाही. त्याच्या नलिकापादांत जे पाणी खेळते ते जवळजवळ समुद्राचेच, आणि शरीरातल्या क्षारांचे प्रमाण बाहेरच्या पाण्यापेक्षा वेगळे राखणे त्याला जमत नाही. लिटरला सुमारे ३५ ग्रॅम क्षार हे प्रमाण एकदम बदलले की तो कोलमडतो. उन्हाळ्यात यवतमाळच्या हवेत टाकीतले पाणी किती झपाट्याने उडेल, याचा विचार वाचकांनीच करावा. क्षार मागेच राहतात, म्हणून भर घालायची ती गोड्या पाण्याची, तीही थोडीथोडी.

दुसरा शत्रू डोळ्यांना दिसत नाही: प्राण्यांच्या मलमूत्रातून येणारा अमोनिया. जिवाणू त्याचे आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. गंमत अशी, की हे रूपांतर दोन टप्प्यांत होते हे दाखवणाऱ्यांत वॉरिंग्टन यांचाच मुलगा होता, तोही रॉबर्टच. तो अभ्यास मात्र रॉथॅमस्टेडच्या शेतमातीचा! हे जिवाणू विनोग्राद्स्की यांनी १८९० च्या सुमारास वेगळे केले. टाकीत त्याचा उपयोग व्हायला बराच काळ जावा लागला. १९६१ मध्ये जकार्ताच्या ली चिन एंग यांनी समुद्रातले जिवाणू-शेवाळाने भरलेले दगडच टाकीत ठेवून, फक्त हवेचे बुडबुडे सोडून प्रवाळ जगवल्याचे लिहिले.

इथे आम्हाला अडखळायला होते. निळा तारामासा दगडांवरचा जिवंत थर खरवडून खातो. छोट्या, नव्या टाकीत तो थर लवकर संपतो आणि प्राणी महिनोन्महिने हळूहळू उपाशी मरतो. पाहणाऱ्याला तो धडधाकटच वाटत राहतो. गॉस यांची पुस्तके वाचून हौशी लोकांनी इंग्लंडच्या किनाऱ्यावरची खडकातली डबकी ओरबाडून नेली. त्याची हळहळ त्यांच्या मुलाने, एडमंड यांनी, १९०७ च्या आठवणींत नोंदवली आहे. आपल्याकडे २००१ पासून प्रवाळांना वन्यजीव कायद्याचे संरक्षण आहे. मालवणहून त्याचा तुकडा उचलून आणणे हा गुन्हा ठरतो.

त्या मुलाला आम्ही एवढेच सांगितले: जमेल, पण आधी वर्षभर रिकामी टाकी सांभाळून दाखव. तो हिरमुसला. मग आम्ही त्याच्या हातात मुकुटबनच्या चुनखडीचा खडा ठेवला. हा खडक समुद्राच्या तळाशी साचला, तेव्हा पृथ्वीवर तारामासे जन्मलेही नव्हते. त्यांचे सर्वांत जुने जीवाश्म सुमारे ४८ कोटी वर्षांपूर्वीचे. "म्हणजे इथे समुद्र होता?" त्याने विचारले, आणि खड्यावर टाकायला लिंबू शोधायला पळाला.