धारेतील पकड

पावसाळ्यात डोंगरउतारावरून धावणाऱ्या ओढ्यात माणसाचा पाय ठरत नाही. त्याच ओढ्यातील एखादा दगड उचलून पाहावा, तर त्यावर जेमतेम काही मिलिमीटर लांबीच्या कीटकांच्या अळ्या स्वस्थ बसलेल्या आढळतात. खळाळत्या पाण्यात प्राणवायू विपुल असतो आणि अन्न आपोआप वाहत येते. राहावयास जागा उत्तम खरी, पण राहावयाचे कसे?

स्वित्झर्लंडमधील पाउल स्टाइनमान यांनी १९०७ साली डोंगरी ओढ्यांतील जीवसृष्टीवर लिहिताना प्रवाहाशी जुळलेल्या चपट्या देहांकडे लक्ष वेधले. उत्तर डोळ्यांना पटणारे होते, म्हणूनच ते दीर्घकाळ टिकले. १९५९ साली आम्ब्यूल या स्विस संशोधकाने त्याला पुष्टी दिली. दगडालगत मंद पाण्याचा एक पातळ थर असतो व चपटी अळी त्याच्या आश्रयाने राहते, असे त्याचे म्हणणे. परंतु १९८२ साली श्टात्सनर व होल्म यांनी लेसर किरणांच्या साहाय्याने अळीभोवतीचा प्रवाह मोजला, तेव्हा तो इतका सोपा नसल्याचे दिसले. चपट्या पाठीवरून वेगाने जाणारे पाणी देहास वर उचलूही शकते! पाण्याचा वेग मोजल्यावाचून केवळ आकारावरून निदान करणे, ही या विषयातील जुनी खोड होती.

भारतीय प्राणिसर्वेक्षण संस्थेचे सुंदरलाल होरा यांची दृष्टी मात्र आकाराइतकीच अवयवांवरही होती. खासी टेकड्यांतील ओढ्यांवरील त्यांची निरीक्षणे १९२३ साली प्रसिद्ध झाली, आणि १९३० साली लंडनच्या रॉयल सोसायटीने त्यांचा विस्तृत प्रबंध छापला. मासे, बेडकांची पिल्ले आणि कीटक या परस्परांशी नाते नसलेल्या प्राण्यांनी चिकटून राहण्याची साधने कशी कमावली, हा त्याचा विषय.

या साधनांत ब्लेफॅरिसेरिडी कुळातील माश्यांच्या अळीचे साधन सर्वांत नवलाचे. तिच्या पोटावर मधोमध सहा चूषकांची रांग असते. प्रत्येकात एक दट्ट्या असतो. स्नायूंनी तो वर ओढला की आतील दाब घटतो आणि चूषक दगडास घट्ट बसतो. पण इतकी घट्ट पकड सुटावी कशी? चूषकाच्या पुढील कडेस एक खाच असते. ती स्नायूंनी उघडली जाते, हे केंब्रिजच्या संशोधकांनी २०१९ साली क्ष-किरणांच्या चित्रांवरून दाखविले. खाच उघडली की पाणी आत शिरते व पकड सुटते. काही चूषक रोवून ठेवावयाचे, काही उचलून पुढे टाकावयाचे, अशी तिची चाल.

सिम्युलियम या चिमुकल्या काळ्या चावऱ्या माशीच्या अळीचा मार्ग निराळा. ती दगडावर रेशमाची गादी विणते आणि शेपटीकडील आकड्यांचे कडे तीत रुतवून उभी राहते. प्रवाहाने उखडलीच, तर रेशमाच्या धाग्याला लोंबकळून पुन्हा वर येते. डोक्यावरील पंख्यांनी ती वाहत्या पाण्यातील कण गाळून खाते. याच जातीच्या काही माश्यांच्या दंशाने आफ्रिकेत अंधत्व आणणारा कृमी पसरे, आणि त्या भयाने लोकांनी नदीकाठची सुपीक खोरी सोडून दिली होती. पश्चिम आफ्रिकेत १९७४ साली सुरू झालेल्या मोहिमेत हेलिकॉप्टरांतून नद्यांच्या खळाळांवर अळीनाशक सोडले जाई. अळ्या जागा सोडीत नसत. पाण्याबरोबर आलेले औषधही अन्नासारखेच गाळून गिळीत.