आजोबांची दोरी

बरेच दिवस मनात होतं, आज लिहूनच टाकतो.

आमच्या धाराशिव जिल्ह्यात (तेव्हाचं उस्मानाबाद) जुनी माणसं घर खणांत मोजत. दोन खांबांमधलं अंतर म्हणजे खण. दगडी उथळ्यांवर खांब, खांबांवर तुळया, तुळयांवर कड्या, कड्यांवर फळ्या आणि वर फूट-दोन फूट माती. हे झालं माळवद. उन्हाळ्यात आत मस्त गारवा! पण गळू नये म्हणून पावसाळ्याआधी पांढऱ्या मातीचा नवा थर पडायचा आणि जुना कुणी काढायचं नाही. वजन वाढतच जायचं.

मी शाळेत असताना काकांनी माळवदावर विटा रचल्या, त्याही तुळईच्या एका टोकाकडच्या कडीवर. मला वाटलं, तुळई ढिगाखालीच वाकणार. आजोबांनी तुळईच्या अंगाला दोन्ही टोकांवर खिळे मारून दोरी ताणली. तुळई दोरीखाली सगळ्यात जास्त उतरली होती ती जवळजवळ मधोमध! मग त्यांनी भिंतीपाशी गिलाव्याला गेलेली चीर दाखवली. "मधी वाकली की टोकं फिरत्यात," म्हणाले. विटा खाली आल्या आणि तुळईखाली टेकू लागला.

पुढे इंजिनिअरिंगला हीच तुळई पुस्तकात भेटली. दोन्ही टोकांना नुसती टेकलेली, वर बिंदुभार. मधला बाक म्हणजे विचलन आणि टोकाचं फिरणं म्हणजे उतार. एकच भार असेल तर तो कुठेही ठेवा, सर्वाधिक बाक मध्यापासून लांबीच्या ७.७ टक्क्यांच्या आतच येतो. आठ फुटी तुळईत हे अंतर जेमतेम साडेसात इंच! भार मधोमध असेल तर बाक लांबीच्या घनाप्रमाणे वाढतो आणि उतार वर्गाप्रमाणे. तेच वजन, तीच तुळई, पण खण निम्मा केला की बाक आठवा हिस्सा आणि उतार चौथा हिस्सा. सुतार खण आखूड का ठेवत, ते तेव्हा कळलं.

गॅलिलिओनं १६३८ मध्ये तुळईच्या ताकदीवर लिहिलं. वाकण्याचं गणित अठराव्या शतकात बर्नुली आणि ऑयलर यांनी मांडलं, १८२६ मध्ये नाविएच्या व्याख्यानांच्या पुस्तकानं ते इंजिनिअरांच्या हाती दिलं. अनेक बिंदुभार एकाच समीकरणात बसवण्याची मॅकॉलेची रीत तर १९१९ ची. आजोबांना यातलं एकही नाव ठाऊक नव्हतं.

मग ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट आली. ३ वाजून ५६ मिनिटं. लातूरमधलं किल्लारी, आमच्या जिल्ह्यातलं सास्तूर आणि आसपासची गावं. सुमारे आठ हजार माणसं गेली. आमचं घर पडलं नाही, पण सगळ्यांनी माळवदाची धास्ती घेतली. मीही शिकलेल्या तोऱ्यात आजोबांना म्हणालो, "ही लाकडं काढून टाका." त्यांनी वाद घातला नाही. तुळया सरपणाच्या भावानं गेल्या.

नंतर भूकंपावरचे अभ्यास वाचले. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आडव्या हादऱ्यानं फुटून कोसळल्या होत्या. वरच्या मातीच्या वजनानं हानी वाढवली होती. पण कितीतरी ठिकाणी भिंती पडूनही खांब-तुळयांचा सांगाडा उभा होता! माझं सूत्र वरून येणाऱ्या भाराचं. बाजूनं येणाऱ्या धक्क्याबद्दल त्यात काहीच नाही, आणि मी त्याच्या जोरावर निकाल देऊन बसलो होतो. खरं तर माती उतरवून, भिंती नीट करून तो सांगाडा ठेवता आला असता.

आजोबा आता नाहीत. हे त्यांना सांगायचं राहिलं.

असो. भावकीत अजून दोन-तीन माळवदं उभी आहेत. मंडळी, लाकडं विकायच्या आधी जाणत्या इंजिनिअरला घर दाखवा. आणि तो येईपर्यंत तुळईला एक दोरी ताणून बघा.