पान्हा : लाल कंधारीच्या कासेचा मागोवा

नायगावच्या गोठ्यात लाल कंधारी गाईची धार काढायची तर आधी वासरू सोडावं लागतं. दावं सुटताच ते कासेला ढुशा देतं, चारही सड एकेकदा तोंडात धरून पाहतं. गाय मान वळवून त्याची पाठ चाटते. मिनिटभरात सुरकुतलेले सड भरून येतात, वासराच्या ओठांना फेस चढतो. मग त्याला ओढून गाईच्या पुढच्या पायाशी बांधायचं आणि चरवी घेऊन बसायचं. वासरू नजरेआड गेलं की धार आखडते. त्याला आपण ‘पान्हा चोरणं’ म्हणतो. मला हा शब्द फार लागतो. चोरी नेमकी कुणाची?

पान्हा हा शब्द संस्कृत ‘प्रस्नव’पासून, प्राकृतातल्या ‘पण्हव’वरून आला. प्रस्नव म्हणजे पाझरणं. दूध वेगळं आणि पान्हा वेगळा, हे भाषेला पूर्वीपासून ठाऊक होतं. विज्ञानात अमेरिकेच्या गेन्स यांनी दूध तयार होणं आणि उतरणं यांतला भेद स्पष्ट मांडला तो 1915 साली.

कासेचे चार भाग असतात आणि एकातलं दूध दुसऱ्यात जात नाही. आत डोळ्यांना न दिसणाऱ्या कोट्यवधी पिशव्या. रक्तातून द्रव्यं घेऊन त्या दूध बनवतात. एक लिटर दुधामागे कासेतून सुमारे 400 ते 500 लिटर रक्त फिरतं. सडाच्या वरच्या टाकीत या दुधातलं थोडंच उतरलेलं असतं, म्हशीत तर अगदीच थोडं. बाकीचं पिशव्यांतच अडकून राहतं. वासराची जीभ सडाला लागली की मज्जातंतूंमार्फत मेंदूला कळतं, मेंदू रक्तात ऑक्सिटोसिन सोडतो आणि पिशव्यांभोवतीच्या पेशी आवळून दूध खाली ढकलतात. हा आवेग जेमतेम काही मिनिटं टिकतो. भीती वाटली तर तोही नाही. मिनेसोटात एली आणि पीटरसन यांनी 1941 मध्ये कागदी पिशव्या फोडून गाईला दचकवलं, तेव्हा धार अडली. आपली गाय अनोळखी हाताला दूध देत नाही, त्याचं कारण हेच.

माणसानं ही किल्ली फार पूर्वी ओळखली. इराकमधल्या अल-उबैदच्या सुमारे साडेचार हजार वर्षांपूर्वीच्या शिल्पपट्टीत गाईच्या तोंडाशी वासरू आहे आणि धार काढणारा मागे बसला आहे. पण वासरू नको असलेल्यांनी दुसरी वाटही शोधली. हिरोडोटसनं लिहिलंय, सिथियन लोक घोडीच्या योनीत हाडाच्या नळीनं हवा फुंकून दूध काढत. हाच प्रकार आपल्याकडे ‘फुंका’. तो इतका माजला की 1890 च्या प्राणिक्रूरता कायद्यात त्याला वेगळं कलम द्यावं लागलं. गांधीजींनी 1912 मध्ये दूध सोडलं, त्यामागे गाई-म्हशींच्या या छळाची वर्णनं होती. पुढे 1919 च्या आजारपणात त्यांनी शेळीचं दूध घेतलं. 1960 च्या कायद्यातल्या 12 व्या कलमातही फुंका गुन्हाच ठरला.

नळी गेली, सुई आली. व्हिन्सेंट डू विग्नो यांनी 1953 मध्ये ऑक्सिटोसिन प्रयोगशाळेत बनवलं. 1955 चं रसायनशास्त्राचं नोबेल त्यांना मिळालं. बाळंतिणीचा रक्तस्राव थांबवणारं हे औषध गोठ्यात शिरलं ते वासराची जागा घ्यायला. रोज सुई टोचलेलं जनावर हळूहळू तिच्यावाचून पान्हवतच नाही. 2018 मध्ये केंद्रानं ऑक्सिटोसिनच्या खासगी उत्पादनावर बंदी घातली, पण त्याच डिसेंबरात दिल्ली उच्च न्यायालयानं ती रद्द केली. ते बरोबरच झालं. बायकांच्या जिवाशी खेळता येत नाही. म्हणून गोठ्यातली सुई गोठ्यातच अडवायला हवी.

कंधार, मुखेड, बिलोली, नायगाव हा लाल कंधारीचा मुलूख. कोरडवाहू शेतीत दमदार बैल लागत, म्हणून ही जात बैलांसाठी जोपासली गेली; वेताला सरासरी सहाशे किलोच्या आसपास दूध. त्यातूनच पुढचा बैल उभा राहायचा, म्हणून जाणते शेतकरी चारांपैकी दोन सड वासराला ठेवत. धार आटोपल्यावर अजूनही पुष्कळ गोठ्यांत वासरू पुन्हा सोडतात. कासेत तेव्हा उरतं ते शेवटचं, सर्वांत दाट दूध.