राखीव खेळाडू नसलेला खेळ

पूर्वपक्ष असा आहे: ध्येय ठेवायचं तर सगळ्यात वरचं ठेवावं, आणि 'आपल्याला झेपेल असं' म्हणणारा मैदानात उतरण्याआधीच हरलेला असतो. अमेरिकेतल्या हायस्कूल मार्चिंग बँडच्या स्पर्धांमध्ये हे मत चांगलंच मुरलेलं आहे. एडिसन किंवा फ्रिस्कोतल्या आपल्या मराठी पालकांना तर ते पटवावंही लागत नाही. लहान ध्येय म्हणजे गुन्हा, हे अब्दुल कलामांचं म्हणणं ऐकतच आपण मोठे झालो. पोरगी क्लॅरिनेट घेऊन बँडमध्ये गेली, की आईबापांचा पहिला प्रश्न ठरलेला: यंदा फायनलला जाणार का?

प्रश्न साधा वाटतो, पण फायनल ठरते कशी ते पाहा. दर नोव्हेंबरात इंडियानापोलिसच्या लुकास ऑइल स्टेडियममध्ये 'बँड्स ऑफ अमेरिका'ची ग्रँड नॅशनल स्पर्धा होते. शंभराच्या आसपास बँड येतात, शेवटच्या फेरीला उरतात १२. शंभर गुणांपैकी ६० 'जनरल इफेक्ट'चे, म्हणजे कार्यक्रमाचा एकंदर ठसा परीक्षकांवर कसा उमटला याचे. तेव्हा 'पहिल्या बारांत येणं' या ध्येयाचा मोठा हिस्सा परीक्षकांच्या वहीत आणि बाकीच्या बँडच्या तयारीत अडकलेला असतो. ही इच्छा आहे, आणि इच्छा जरूर असावी. पण सोमवारी दुपारी साडेतीनला मैदानावर उभ्या असलेल्या पोराला त्या इच्छेतून नेमकं काय करायचं ते कळत नाही.

त्या पोराला काय करायचं असतं? अमेरिकन फुटबॉलच्या मैदानावर आठ पावलांत पाच यार्ड, म्हणजे दर पाऊल साडेबावीस इंच. हातात वाद्य, कमरेवरचं अंग प्रेक्षकांकडे, पाय भलतीकडे. प्रत्येक रचनेत आपली जागा कुठली हे ज्याच्या त्याच्या डॉट बुकात लिहिलेलं: ४५ यार्डांच्या रेषेबाहेर तीन पावलं, पुढच्या हॅशच्या, म्हणजे मैदानावरच्या तुटक रेषेच्या, मागे सहा. त्यात ध्वनीचा घोळ. मैदानाची रुंदी जवळपास ४९ मीटर. मागच्या कडेचा सूर पुढच्या कडेला पोचायला सुमारे ०.१४ सेकंद लागतात. मिनिटाला १६० ठोक्यांच्या लयीत एक ठोका ०.३७५ सेकंदांचा, म्हणजे एक तृतीयांशाहून अधिक ठोका वाटेतच गेला. पुढच्याचं ऐकून वाजवलं तर मागचा मागेच पडणार. म्हणून कानाला पटत नसतानाही डोळे ताल देणाऱ्या ड्रम मेजरच्या हातावर ठेवून वाजवावं लागतं. नववीतल्या मुलाने हे एकदा जमवलं तर त्याला 'माफक' ध्येय म्हणणाऱ्याने स्वतः एकदा करून पाहावं.

आणि इथेच पूर्वपक्षाचा पाया खचतो. फुटबॉलच्या संघात न जमणाऱ्याला बाकावर बसवता येतं. मार्चिंग बँडमध्ये, मोजके मोठे बँड सोडले तर, बाक नाही. पुण्याच्या मिरवणुकीत पथकातले दोन ढोल कमी आले तरी पथक चालतं. इथे एक सॅक्सोफोन आजारी पडला की रचनेत भोक पडतं आणि ते वरच्या गॅलरीतून दिसतं. शिवाय बारावीची मुलं दर वर्षी बाहेर पडतात आणि त्यांच्या जागी कधी चालत चालत न वाजवलेली मुलं येतात. गेल्या वर्षीच्या क्रमांकावरून यंदाचं ध्येय ठरवणं म्हणजे निघून गेलेल्या मुलांच्या खात्यावर हुंडी काढणं आहे. ज्या कामात सगळ्यात कच्च्या मुलालाही पूर्ण वेळ मैदानावर राहायचंच आहे, तिथे ध्येयाचं माप त्याच्यापासूनच घ्यायला हवं. माझं म्हणणं एवढंच आहे.

पूर्वपक्षाकडे शास्त्राधारही आहे, आणि तो हलका नाही. एडविन लॉक आणि गॅरी लेथम यांनी १९९० च्या ग्रंथात मांडलं, की नेमकं आणि अवघड ध्येय दिलं तर माणूस 'होईल तेवढं कर' म्हटल्यापेक्षा चांगलं काम करतो. हे मान्य. पण त्याच मांडणीतल्या अटी व्याख्यानांत गाळल्या जातात: अंगी क्षमता हवी, आपण कुठवर आलो हे वेळोवेळी कळायला हवं आणि काम किती गुंतागुंतीचं आहे हेही पाहायला हवं. कॅन्फर आणि ॲकरमन यांनी १९८९ मध्ये अमेरिकी हवाई दलाच्या प्रशिक्षणार्थींना हवाई वाहतूक नियंत्रणाचं नकली काम दिलं. शिकण्याच्या सुरुवातीलाच कामगिरीचं अवघड लक्ष्य दिलं तर त्याचा उपयोग होण्याऐवजी अडथळाच झाला, कारण शिकण्यासाठी लागणारं लक्ष लक्ष्याकडे गेलं. हंगामाआधीच्या बँड कॅम्पमधल्या नवख्यांची अवस्था याहून वेगळी नसते.

मग दाखला येतो मेरियन कॅथलिकचा. शिकागोजवळची ही शाळा काही अवाढव्य नव्हे, तरी तिने ग्रँड नॅशनल सात वेळा जिंकली. स्वप्न मोठं पाहिलं म्हणूनच ना? पण ग्रेग बिम तिथे बँड डायरेक्टर म्हणून आले १९७७ मध्ये आणि पहिलं अजिंक्यपद मिळालं १९८४ मध्ये. मधली सात वर्षं गाळून हा दाखला देता येत नाही. एकच शिक्षक त्याच शाळेत टिकून राहिला, हे कोणाच्या भिंतीवरच्या घोषणेत बसत नाही. बसलं तरी शाळा-मंडळं घोषणाच निवडतील.

एक आक्षेप मात्र खरा आहे. 'वास्तववादी' या शब्दाआड आळशी डायरेक्टर लपू शकतो. 'मुलांनी मजा केली, बस्स' हे ध्येय नव्हे, ती आधीच लिहून ठेवलेली सबब आहे. खरं वास्तववादी ध्येय फसू शकतं, हीच त्याची ओळख. पहिल्या स्पर्धेआधी सुरुवातीचा भाग पूर्ण व्हावा. तिसऱ्या रचनेतून चौथीत जाणारी सोळा पावलं ट्रम्पेटच्या रांगेने सलग तीनदा न चुकता करावीत. झालं की नाही, हे शुक्रवारी लख्ख दिसतं.

टेक्सासने यातलं बरंचसं नियमांतच आणलं आहे. तिथे राज्याच्या 'यूआयएल' स्पर्धांच्या प्रादेशिक फेरीत क्रमांक लागत नाहीत, श्रेणी मिळते. निकष गाठतील तितक्या सगळ्या बँडना पहिली श्रेणी. शर्यत सुरू होते ती त्यानंतर, वरच्या फेऱ्यांत. शाळेच्या वेळेबाहेरच्या सरावालाही आठवड्याला आठ तासांची मर्यादा आहे. ध्येय कितीही उंच ठेवलं तरी नववा तास मिळत नाही. आणि याच टेक्सासमधल्या द वुडलंड्सने २०१३ ची ग्रँड नॅशनल जिंकली.

तेव्हा पालकहो, पुढच्या ऑगस्टमध्ये बँडच्या पालकसभेला जाल तेव्हा फायनलचं विचारू नका. यंदा नवीन मुलं किती, त्यांना हा कार्यक्रम झेपणारा आहे का, आणि सप्टेंबरअखेर त्यातला कुठला भाग पक्का झालेला असेल, एवढं विचारा. उत्तर गुळमुळीत आलं तर पुन्हा विचारा.