गिलाव्याचा खडा

एडवर्ड जेन्नर म्हटलं की देवीची लस आठवते. मला आठवते ती त्याची सुरी. हृदयशुळाने गेलेल्या एका रुग्णाचं हृदय तो कापत होता. सुरी कशावर तरी कचकन अडली, पात्याला खाच पडली. जेन्नरने आधी वर पाहिलं. छत जुनं, पोपडे सुटलेलं. गिलाव्याचा खडा पडला असणार! मग नीट तपासलं, तर हृदयाला रक्त पुरवणाऱ्या धमन्यांच्याच हाडासारख्या नळ्या झालेल्या.

हे छापून आलं बऱ्याच वर्षांनी, 1799 मध्ये, केलेब पॅरी या मित्राच्या पुस्तकात. एवढा उशीर का? जेन्नरचे गुरू जॉन हंटर यांनाच हृदयशूळ होता. कारण कळलं तर ते खचतील, म्हणून शिष्य गप्प राहिला. 1793 मध्ये लंडनच्या सेंट जॉर्ज रुग्णालयात, बैठकीतल्या वादावादीनंतर हंटर गेले. शवविच्छेदनात त्यांच्याही धमन्या तशाच निघाल्या.

आजार अर्थात पुराणा. आल्प्सच्या बर्फात सापडलेल्या, सुमारे 5,300 वर्षांपूर्वीच्या ओत्झी या माणसाच्या धमन्यांतही कॅल्शियम आहे.

खरी मौज पुढच्या वादात आहे: हे हाड की नुसता क्षार? विकृतिशास्त्रज्ञ रुडॉल्फ फिर्खो यांनी एकोणिसाव्या शतकातच हाडाच्या बाजूने कौल दिला होता. तरी विसाव्या शतकात बराच काळ दुसरंच मत चाललं. वय झालं, धमनी झिजली, की बोअरच्या पाण्याने नळात धरावा तसा तिच्यात क्षार धरतो, असं ते मत. मला ते पटत नाही. धमनी जिवंत असते. 1993 मध्ये क्रिस्टिना बोस्ट्रॉम, लिंडा डेमर आणि सहकाऱ्यांना अशा धमन्यांत हाड घडवायला लावणारं प्रथिन सापडलं. 1997 मध्ये उंदरांतलं एकच जनुक निकामी केलं, तर त्यांच्या धमन्या कॅल्शियमने भरून फुटल्या आणि ते दोन महिन्यांत मेले. म्हणजे एरवी धमनी हे साठणं सतत थोपवून धरत असते. प्रत्येक साठ्यात अस्सल हाड मिळत नाही, पुष्कळदा हाडातल्याच जातीचं खनिज तेवढं असतं, हा क्षारवाल्यांचा मुद्दा मान्य. तरी माझं मत जेन्नरलाच.

आता सीटी स्कॅनवर धमन्यांतल्या या कॅल्शियमचा स्कोअर मिळतो. आर्थर ॲगॅटस्टन आणि सहकाऱ्यांनी ती पद्धत 1990 मध्ये मांडली. स्कोअर वाढलेला दिसला की घरात पहिली कुऱ्हाड दुधावर पडते. तसं करू नका. आधी डॉक्टरांशी रक्तदाब, कोलेस्टेरॉल आणि सिगारेटबद्दल बोला.