रिझालची एक तळटीप

इ. स. १५९५ मध्यें आंतोनियो दे मोर्गा नांवाचा एक स्पॅनिश कायदेपंडित फिलिपाईन बेटांत अधिकारावर आला. प्रथम तो मनिला येथें नायब गव्हर्नर होता. पुढें तेथील वरिष्ठ न्यायालयांत न्यायाधीश झाला. १६०० सालीं डच जहाजांशीं लढण्याची कामगिरी त्याजकडे आली, आणि तींत त्याचें स्वतःचें जहाजच बुडालें. समुद्रावर त्याचें फारसें चाललें नाहीं, परंतु लेखणी बरी चालली. त्या बेटांतील घडामोडींविषयीं व लोकांच्या चालीरीतींविषयीं त्यानें लिहिलेला ग्रंथ १६०९ सालीं मेक्सिको शहरीं छापला गेला. त्यांत लोकांच्या खाण्यापिण्याचेंहि वर्णन आहे. भात, मासे, मांस यांची नोंद करून झाल्यावर हे न्यायाधीशमहाराज सहज लिहून जातात कीं, मासा कुजूं लागला, त्याला घाण सुटली, म्हणजे तो या लोकांना अधिक रुचतो.

वाक्य लहान आहे. दोनशें ऐंशी वर्षें तें पुस्तकांत तसेंच पडून होतें. १८८९ च्या सुमारास लंडनच्या ब्रिटिश म्यूझियममध्यें बसून तो सबंध ग्रंथ हातानें उतरून काढणारा एक तरुण त्या वाक्यापाशीं थांबला व त्याखालीं त्यानें एक तळटीप लिहिली. त्या तरुणाचें नांव होसे रिझाल.

टिपेचा आशय थोडक्यांत असा, कीं अनोळखी अन्नाची किळस वाटणें हा कोणत्याहि राष्ट्राचा स्वभाव आहे आणि स्पॅनिश लोकहि त्याला अपवाद नाहींत. मोर्गाला जो कुजका मासा वाटला तें बागोओंग होय, आणि तें कुजलेलें नसतें हें खाणाऱ्याला ठाऊक असतें.

बागोओंग म्हणजे बारीक मासे किंवा जवळ्याएवढ्या चिमुकल्या कोलंब्या भरपूर मिठांत कालवून, रांजणांत आठवडेच्या आठवडे मुरवून केलेलें तोंडीं लावणें. त्याचें वर येणारें निवळ पाणी, ज्याला पातिस म्हणतात, तेंहि स्वयंपाकांत वापरतात. कैरीच्या फोडीबरोबर किंवा साध्या भाजीभातांत त्याचें बोटभर पुरे होतें. वास उग्र खरा. परंतु कोंकणांतील ज्या घरांत सुकटीचा डबा पावसाळ्याची बेगमी म्हणून जपून ठेवतात, त्या घरांतील माणसांना वास आणि कुज यांतील भेद समजावून सांगावा लागत नाहीं. मीठ घालतात तें मासा कुजावा म्हणून नव्हे, कुजूं नये म्हणून. आणि ज्यांच्या देशांत जुनें, वास मारणारें चीज मोठ्या कौतुकानें खातात, त्यांनीं दुसऱ्याच्या रांजणाला नांवें ठेवावीं हेंहि एक नवलच.

रिझालचा जन्म १९ जून १८६१ रोजीं लुझोन बेटांतील कालांबा गांवीं झाला. युरोपांत वैद्यक शिकून तो नेत्रवैद्य झाला होता. १८८७ सालीं बर्लिन येथें छापलेल्या ‘नोली मे तांगेरे’ या त्याच्या कादंबरीनें मनिलांतील मठवासी पाद्री त्याचे वैरी बनले होते. लंडनमध्यें त्याला साहाय्य केलें तें इंडिया ऑफिसच्या ग्रंथालयाचे प्रमुख डॉ. रोस्ट यांनीं. संस्कृतच्या या व्यासंगी पंडिताच्या ओळखीमुळें म्यूझियममधील दुर्मिळ ग्रंथ रिझालला पाहावयास मिळाले. मोर्गाच निवडण्याचें कारण उघड होतें: तो पाद्री नव्हता, आणि स्पॅनिश सत्ता नुकतीच रुजत असतां त्यानें तो देश डोळ्यांनीं पाहिला होता. त्या काळीं ‘फिलिपिनो’ हें नांव बहुधा तेथें जन्मलेल्या स्पॅनिश वंशीयांपुरतें असे. देशी माणूस तो ‘इंडिओ’. या इंडिओंना स्पेन येण्यापूर्वीं स्वतःची शेती, होड्या, कायदे, रीतभात होती, हें रिझालला एका स्पॅनिश साक्षीदाराच्या तोंडून वदवून घ्यावयाचें होतें. टिपांसह ही आवृत्ति पॅरिस येथें निघाली. तिजवर साल १८९० आहे.

प्रस्तावना रिझालचा परममित्र ब्लूमेंट्रिट यानें लिहिली, आणि मैत्रीचा मुलाहिजा न ठेवतां तींतच आक्षेप घेतला कीं, रिझाल सोळाव्या शतकांतील माणसांना एकोणिसाव्या शतकाच्या मापानें मोजतो. आक्षेप खरा आहे. कित्येक टिपांत रिझाल इतिहासकार राहत नाहीं, वकील होतो. बागोओंगच्या टिपेंत मात्र तो साक्षीदार आहे. ज्या पदार्थावर तो जन्मापासून वाढला, त्याच्याविषयीं तो बोलत आहे.

ही वकिली त्याच्या अंगीं घरांतूनच आली. तो दहा-अकरा वर्षांचा असतां त्याची आई तेओदोरा आलोन्सो इजवर भावजयीला विष घालूं पाहिल्याचा आळ आला. त्या प्रतिष्ठित बाईला कालांबापासून सांता क्रूझ या प्रांताच्या ठाण्यापर्यंत पायीं चालवीत नेलें. अडीच वर्षें ती तुरुंगांत होती, आणि मग निर्दोष म्हणून सुटली. कालांब्याची जमीन डोमिनिकन मठाच्या मालकीची. रिझालचें घराणेंहि तेथें खंडानें शेती करी. खंड वाढत चालला तेव्हां गांवकऱ्यांनीं १८८८ च्या जानेवारींत सरकारकडे आपलें गाऱ्हाणें लेखी मांडलें. त्यामागें रिझालचा हात होता. प्रकरण न्यायालयांत गेलें. १८८९ च्या मे महिन्यांत त्याच्या थोरल्या बहिणीचे यजमान मारियानो एर्बोसा वारले, तर त्यांना ख्रिस्ती दफनभूमींत जागा नाकारण्यांत आली. ‘नोली’मधील नायकाच्या बापाचें प्रेत पाद्रीच्या हुकुमानें थडग्यांतून उकरून काढतात. त्यानें कल्पिलेली विटंबना दोन वर्षांत त्याच्याच घरीं आली. पुढें १८९०-९१ मध्यें सैन्य आणून कालांब्याच्या कुळांना घरांबाहेर काढलें. त्यांत रिझालचें कुटुंबहि होतें.

मोर्गावरील टिपा लिहिल्या गेल्या त्या या दिवसांत. मोर्गा स्वतः न्यायाधीश होता, आणि न चाखलेल्या पदार्थावर त्यानें निकाल दिला. रिझालला ती तऱ्हा ओळखीची वाटली असल्यास आश्चर्य नाहीं.

‘नोली’च्या आरंभींहि एक जेवण आहे. युरोपांतून परतलेल्या तरुण इबार्रासाठीं तिनोला करतात. हा कोंबडीचा भोपळा घालून केलेला पातळ रस्सा. वाढतांना इबार्राच्या ताटांत चांगले तुकडे पडतात, आणि पाद्री दामासोच्या वांट्याला मान व एक चिवट पंख. पाद्रीबाबा भोपळा चेचतात, चमचा आपटतात, आणि ताटांतला राग त्या मुलावर काढूं लागतात. परसांतल्या कोंबडीच्या रश्शांत त्या देशाचें सगळें राजकारण आलें आहे. तो प्रसंग वाचून मनिलांतील कित्येक पाद्री कां चिडले असतील हें सांगावयास नको.

राजकारणांत रिझालचें मागणें आज वाचणाऱ्याला सौम्य वाटेल. ‘ला सोलिदारिदाद’ या स्पेनमधून निघणाऱ्या पाक्षिकांत त्यानें व त्याच्या मित्रांनीं माद्रिदच्या संसदेंत फिलिपाईन्सचे प्रतिनिधि, छापखान्याला मोकळीक व सर्वांना एकच कायदा मागितला. फिलिपिनो आळशी असतो या आरोपालाहि त्यानें तेथेंच उत्तर दिलें: वेठ, व्यापारावरील बंधनें आणि कष्टाचें फळ हातीं राहील याची शाश्वति नसणें, यांनीं माणूस आळशी होतो. शंभर वर्षांनीं देशाचें काय होईल यावरील लेखमालेंत त्यानें बजावलें कीं, सुधारणा न मिळाल्या तर बेटें स्पेनपासून तुटतील. आणि अमेरिका कधींकाळीं तिकडे डोळा फिरवील ही शंकाहि, संभव कमी म्हणून कां होईना, नोंदवून ठेवली.

१८९२ च्या जून अखेरीस तो मायदेशीं परतला. ३ जुलैला ‘ला लीगा फिलिपिना’ ही संस्था काढली, ६ तारखेला पकडला गेला, आणि मिंदानाओ बेटांतील दापितान येथें हद्दपार झाला. तेथील चार वर्षांत त्यानें शेती केली, मुलें शिकविलीं, गांवाला पाणी आणलें, लोकांचे डोळे तपासले. इकडे आंद्रेस बोनिफासियोच्या कातिपुनान या गुप्त मंडळानें १८९६ च्या ऑगस्टांत उठाव केला. रिझालला तो अवेळीं वाटला होता, व तसें निषेधाचें पत्रकहि त्यानें कैदेंतून लिहिलें. लष्करी कायदा अधिकाऱ्यानें तें प्रसिद्ध होऊं दिलें नाहीं, कारण त्यांत स्वातंत्र्याच्या ध्येयाचा निषेध नव्हता. त्याची ही शंका चुकीची म्हणतां येणार नाहीं.

२६ डिसेंबर १८९६ रोजीं लष्करी न्यायालयापुढें खटला चालला. मुलकी वकील देण्याची परवानगी नव्हती. लष्करी अधिकाऱ्यांच्या यादींतून एक निवडावयाचा होता. ज्यांच्या जबान्यांवर आरोप उभा होता त्या साक्षीदारांना समोर आणून उलट तपासण्याची संधि त्याला मिळाली नाहीं. ३० डिसेंबरला सकाळीं बागुंबायानच्या मैदानांत, राजद्रोही म्हणून, पाठींत गोळ्या घालून त्याला ठार केलें. बंदुकींकडे तोंड करून उभें राहण्याची त्याची विनंति अमान्य झाली होती. गोळ्या लागल्या त्या क्षणीं त्यानें अंग वळविलें. वय पस्तीस.

दोन वर्षें भरण्यापूर्वींच, १० डिसेंबर १८९८ रोजीं, स्पेननें पॅरिसच्या तहान्वयें दोन कोटि डॉलर घेऊन तीं बेटें अमेरिकेच्या हवालीं केलीं. फिलिपिनो सरकारचा वकील फेलिपे आगोन्सिलियो त्या वेळीं पॅरिसमध्यें हजर होता. त्याला वाटाघाटींच्या दालनांत येऊं दिलें नाहीं.